उजवीकडचे हृदय आणि तिसऱ्या आठवड्यातला डावा प्रवाह

वाचकाचे पत्र

मी पाच महिन्यांची गरोदर आहे. नुकत्याच झालेल्या सोनोग्राफीत बाळाचे हृदय आणि जठर दोन्ही उजव्या बाजूला दिसले. बाकी दोष दिसत नाही, पण डॉक्टरांनी हृदयाची खास सोनोग्राफी करायला सांगितली आहे आणि मूत्रपिंडे व हातापायांची बोटेही पुन्हा नीट पाहू, असे म्हणाले. गेल्या महिन्यात ग्रहण होते. त्या वेळी मी विळीवर भाजी चिरली, असा दोष सासूबाई मला देतात. त्या माझ्या सख्ख्या आत्याच आहेत, त्यामुळे बोलणे जास्त लागते. घरातले काही जण गर्भ ठेवू नये असेही सुचवतात. मोठा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याचे हृदय जागेवर आहे, पण जन्मल्यापासून नाक चोंदलेले, बाराही महिने ओला खोकला आणि अधूनमधून कान फुटतो. पूर्ण दिवसांचा असूनही जन्मल्यावर त्याला काही दिवस ऑक्सिजन लागला होता. हे ऐकून डॉक्टर ‘सिलिया’ असे काहीसे म्हणाले. मी बीएस्सीला जीवशास्त्र शिकले आहे. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या सिलियांचा पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या जागेशी काय संबंध? आणि माझ्या हातून खरेच काही चुकले का?

– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे योग्य होईल. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. हे केवळ धीर देण्यासाठी लिहिलेले नाही, त्याला साध्या कालक्रमाचा आधार आहे. बाळाचे हृदय कोणत्या बाजूला वळणार हे गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठरून जाते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झालेले असतात तेव्हा. ग्रहण लागले ते तुमच्या चौथ्या महिन्यात. तोवर हृदयाची नळी वळून, तिचे चार कप्पे होऊन कितीतरी आठवडे लोटले होते. त्या दिवशी तुम्ही विळीला हात लावला नसता आणि दिवसभर खोलीत बसून राहिला असता, तरी परवाच्या सोनोग्राफीत हेच दिसले असते.

आता सिलियांविषयी. पेशीच्या पृष्ठभागावरचे हे केसासारखे सूक्ष्म तंतू. पाठ्यपुस्तकांत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पुढे तोच शब्द वापरतो. श्वासनलिकेतल्या एकेका पेशीवर त्यांचा शेकड्यांनी पुंजका असतो आणि त्या सगळ्या मिळून कफ घशाकडे सारतात, हे तुम्ही शिकलेले आहे. मात्र शरीरातल्या बहुतेक पेशींवर एक आणि एकच पक्ष्माभिका असते आणि ती हलत नाही, हे बहुधा शिकवले गेले नसेल. कार्ल झिमरमान यांनी 1898 मध्येच तिचे वर्णन केले होते, तरी नंतरची जवळजवळ शंभर वर्षे ती उत्क्रांतीत मागे राहून गेलेला निरुपयोगी अवशेष आहे असेच बहुतेकांनी गृहीत धरले. भ्रूणशास्त्राच्या इतिहासात इतकी महत्त्वाची गोष्ट इतका काळ डोळ्यांसमोर असून दुर्लक्षित राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. गर्भात या दोन्ही प्रकारांचे काम चालते, हलणाऱ्यांचे आणि न हलणाऱ्यांचेही. तुमच्या पत्रातल्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे या दोन प्रकारांत आहेत.

हृदयाच्या बाजूचा प्रश्न हलणाऱ्या पक्ष्माभिकांशी निगडित आहे. तिसऱ्या आठवड्यात भ्रूण म्हणजे एक चपटी चकती असते. तिचे डोके कुठे आणि शेपटाकडचे टोक कुठे, पाठ कोणती आणि पोट कोणते, हे तोवर ठरलेले असते. डावे-उजवे मात्र ठरायचे असते, कारण दोन्ही बाजू अगदी सारख्या असतात. चकतीच्या मध्यरेषेवर नोड नावाची एक लहानशी खोलगट जागा तयार होते. याचा सर्वांत बारकाईने अभ्यास उंदराच्या भ्रूणात झालेला आहे. तिथे साडेसात-आठ दिवसांच्या सुमारास या खळग्याच्या तळाशी दोन-तीनशे पेशी असतात आणि प्रत्येकीवर काही मायक्रॉन लांबीची एकेक पक्ष्माभिका असते. ती मागेपुढे हेलकावत नाही, तर सेकंदाला साधारण 10 फेऱ्या या वेगाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल फिरते.

नुसते गोल फिरून द्रव जागच्या जागी घुसळला जाईल. तो एका बाजूला वाहण्याचे काही कारण नाही. इथे निसर्गाने जे केले आहे ते पाहून भौतिकशास्त्रज्ञही थक्क झाले. या पक्ष्माभिका सरळ उभ्या नसतात, त्या शेपटाकडच्या बाजूला कललेल्या असतात. त्यामुळे फेरीच्या एका अर्ध्या भागात, म्हणजे उजवीकडे जाताना, त्या पेशींच्या पृष्ठभागाला लागून सरकतात आणि पृष्ठभागाच्या घर्षणामुळे तिथला द्रव फारसा हलत नाही. उरलेल्या अर्ध्या भागात, डावीकडे जाताना, त्या पृष्ठभागापासून उंच असतात आणि द्रवाला पूर्ण रेटा मिळतो. बेरीज होऊन उरतो तो डावीकडचा प्रवाह. डोके-शेपूट आणि पाठ-पोट ही दोन परिमाणे आधी ठरलेली असली आणि फिरण्याची दिशा एकच असली, की त्यांतून तिसरे परिमाण आपोआप निघते.

हा प्रवाह म्हणजे अजून संदेश नव्हे. तो कोणाला तरी कळावा लागतो. नोडच्या कडेने ज्या पेशी असतात त्यांच्याही पक्ष्माभिका असतात, पण न फिरणाऱ्या. त्यांच्या पटलावर पीकेडी2 या जनुकापासून बनणारे, कॅल्शियमला वाट देणारे प्रथिन असते. प्रवाहाने डाव्या कडेची पक्ष्माभिका वाकली की त्या पेशीत कॅल्शियमची हालचाल सुरू होते. प्रवाह एखादे रसायन डावीकडे वाहून नेतो की त्याचा नुसता दाबच पुरेसा असतो, यावर बरीच वर्षे वाद होता. 2023 मध्ये उंदीर आणि झेब्रामासा या दोघांच्या भ्रूणांवर स्वतंत्रपणे झालेल्या प्रयोगांत लेझरच्या चिमट्याने एकेकट्या पक्ष्माभिकेला ढकलून पाहिले गेले आणि ढकलणेच कॅल्शियमचा प्रतिसाद जागा करते असे दिसले. या कॅल्शियममुळे डाव्या कडेच्या पेशींत डँड5 नावाच्या जनुकाचा आरएनए नष्ट होतो. डँड5चे काम नोडल या संदेशवाहक प्रथिनाला रोखून धरण्याचे. डावीकडचा अडसर निघाल्यावर नोडल डाव्या अंगाच्या पेशींत पसरते, तिथे पिटएक्स2 हे जनुक सुरू होते, आणि मध्यरेषेवर लेफ्टी नावाची प्रथिने हा संदेश उजवीकडे ओलांडू देत नाहीत. हृदयाची सरळ नळी वळते, जठर डावीकडे जाते, यकृत उजवीकडे वाढते, ते या पिटएक्स2च्या हुकमतीखाली. पहिला रेटा इतका लहान पुरतो की, जपानमधील एका प्रयोगात उंदराच्या नोडमध्ये अवघ्या दोन पक्ष्माभिका फिरत्या राहिल्या तरी डावी बाजू बरोबर ठरली.

हे सारे कळायला फार वेळ लागला. झुरिचच्या मानेस कार्टागेनर यांनी 1933 मध्ये उलट्या बाजूचे अवयव, सायनसचा जुनाट त्रास आणि फुफ्फुसातल्या रुंदावलेल्या श्वासनलिका या तीन गोष्टी एकत्र असलेले रुग्ण नोंदवले, पण त्या एकत्र का येतात याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. स्वीडनच्या ब्योर्न आफ्झेलिउस यांना 1976 मध्ये अशा पुरुषांच्या शुक्रजंतूंच्या शेपटांत आणि श्वासनलिकेच्या पक्ष्माभिकांत हालचाल घडवणारे डायनिन नावाचे बाहूच नसल्याचे आढळले, आणि गर्भातही पक्ष्माभिकांची हालचाल अवयवांची बाजू ठरवत असावी, असा तर्क त्यांनी केला. तो तर्क बावीस वर्षे तसाच राहिला. 1998 मध्ये टोकियोच्या नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने नोडमधल्या पक्ष्माभिका फिरताना आणि डावीकडे प्रवाह वाहताना दाखवला. 2002 मध्ये तर जपानमध्येच भ्रूण बाहेर वाढवून त्यांच्यावरून उजवीकडे कृत्रिम प्रवाह सोडण्यात आला, तेव्हा निरोगी उंदराच्या भ्रूणांच्याही बाजू उलटल्या. ग्रहणाविषयी घरात पुन्हा वाद झाला, तर मला वाटते हा एक प्रयोग सांगणे पुरेसे होईल.

आता तुमच्या दोन मुलांकडे येऊ, कारण पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर मला मोठ्या मुलाविषयीचा वाटतो. पक्ष्माभिका फिरल्याच नाहीत तर प्रवाह नसतो, आणि प्रवाह नसला म्हणजे हृदय नेहमी उजवीकडे जाते असे नाही. मग सारे नाणेफेकीवर जाते. साधारण निम्म्यांचे अवयव नेहमीच्या बाजूला बसतात, साधारण निम्म्यांचे उलटे. म्हणून एकाच आईवडिलांच्या दोन मुलांत तोच जनुकीय दोष असूनही एकाचे हृदय डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे असू शकते. जन्मल्यापासून चोंदलेले नाक, वर्षभराचा ओला खोकला, वारंवार फुटणारा कान आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मल्यानंतर लागलेला ऑक्सिजन ही चार लक्षणे एकत्र आली, की प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया, म्हणजे पक्ष्माभिकांच्या हालचालीचा जन्मजात दोष, मनात आलाच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांच्या मनात तो आला, हे त्यांच्या चाणाक्षपणाचे लक्षण आहे. हृदय जागेवर आहे म्हणून मुलाला हा आजार नाही, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. याला आणखी एक कारण आहे. श्वासनलिकेतल्या पक्ष्माभिकेत कडेने नऊ जोड्या आणि मधोमध दोन सूक्ष्मनलिका असतात, तर नोडमधल्या फिरत्या पक्ष्माभिकेत साधारणपणे ती मधली जोडी नसतेच. त्यामुळे दोष फक्त मधल्या जोडीत असेल तर आयुष्यभर खोकला राहतो, पण हृदयाची बाजू कधीच बिघडत नाही. तुमच्या घरात एका बाळाची बाजू उलटलेली आहे, तेव्हा दोन्ही मुलांत एकच दोष असलाच, तर तो बहुधा या मधल्या जोडीतला नसून डायनिन बाहूंसारख्या एखाद्या भागातला असेल.

एक खबरदारीची सूचना इथेच. सगळे अवयव उलटे असलेल्या माणसांपैकी साधारण चार-पाच जणांत एकालाच हा आजार असतो. उरलेल्यांची फुफ्फुसे ठणठणीत असतात. म्हणून पोटातल्या बाळाच्या नावावर आजपासून कोणताही आजार लिहू नका. शंका घ्यायची ती मोठ्याच्या खोकल्यावरून.

डॉक्टरांनी बोटे आणि मूत्रपिंडे पुन्हा पाहायचे ठरवले, त्यामागे न हलणाऱ्या पक्ष्माभिका आहेत. बीएस्सीच्या प्रयोगवहीत तुम्ही क्लॅमिडोमोनस हे दोन शेपट्यांचे हिरवे शैवाल काढले असेल. ती शेपटी म्हणजे एक पक्ष्माभिकाच. तिच्या आतून प्रथिनांची ने-आण सतत चालू असते, हे 1993 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत दिसले. पुढे 2000 मध्ये या वाहतुकीतल्या एका प्रथिनाचे जनुक आणि मूत्रपिंडात पुटी (सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्या) होणाऱ्या उंदरांतले बिघडलेले जनुक एकच निघाले. निरुपयोगी समजल्या गेलेल्या पक्ष्माभिकेकडे सर्वांचे लक्ष वळले ते खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

गर्भाच्या घडणीत तिचे सर्वांत मोठे काम हेजहॉग नावाच्या संदेशाचे आहे. हे जनुक 1980 मध्ये फळमाशीत सापडले, आणि फळमाशीच्या बहुतेक पेशींना हा संदेश घेण्यासाठी पक्ष्माभिका लागत नाही. त्यामुळे सस्तन प्राण्यांत ती लागत असेल अशी शंका कोणाला आली नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत कॅथरीन अँडरसन यांच्या गटाने कोणताही पूर्वग्रह न ठेवता, गर्भाची घडण बिघडलेले उंदीर शोधून त्यांची जनुके तपासली, तेव्हा 2003 मध्ये असे दिसले की पक्ष्माभिकेतली वाहतूक बंद पडलेल्या भ्रूणांत हेजहॉगचा संदेशच पोहोचत नाही. पुढच्या चार वर्षांत बाकीचा उलगडा झाला. संदेश नसताना पॅच्ड हे प्रथिन पक्ष्माभिकेत बसून स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला आत साचू देत नाही. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटले की पॅच्ड तिथून बाहेर पडते, स्मूदन्ड आत जमा होते, आणि ग्ली नावाची प्रथिने जनुके चालू करण्याच्या रूपात केंद्रकाकडे जातात. संदेश नसताना हीच ग्ली प्रथिने, विशेषतः ग्ली3, कापली जाऊन जनुके बंद ठेवणारे रूप घेतात, आणि ही कापाकापी नीट होण्यासाठीही पक्ष्माभिकाच लागते.

यातली मेख अशी की, पक्ष्माभिका बिघडली तर चालू करणारे आणि बंद करणारे अशी दोन्ही रूपे उणी पडतात, आणि कोणत्या अवयवात काय बिघडेल हे तिथे कोणत्या रूपाला महत्त्व आहे यावर अवलंबून राहते. मज्जारज्जूच्या पोटाकडच्या भागाला चालू करणारे रूप हवे असते, तेव्हा तिथल्या चेतापेशी घडत नाहीत. गर्भाच्या ज्या लहान उंचवट्यातून हात वाढतो त्या कळीत हेजहॉग फक्त करंगळीच्या बाजूने पाझरते आणि अंगठ्याच्या बाजूला ग्ली3चे बंद ठेवणारे रूप बोटांची संख्या आटोक्यात ठेवते. ते कमी पडले की सहावे-सातवे बोट येते. मूत्रपिंडातल्या नलिकांत पुटी होतात. म्हणूनच बार्डेट-बीडल, झुबेर किंवा मेकेल यांसारख्या विकारांत जास्तीचे बोट, मूत्रपिंडाचा दोष, मेंदूच्या मागच्या भागाचा दोष अशा वरकरणी असंबद्ध गोष्टी एकत्र दिसतात. हे विकार तुमच्या मोठ्या मुलाच्या संशयित आजाराहून वेगळे आहेत, पण त्यांतल्या काहींत अवयवांची बाजूही उलटते. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ती शक्यता खोडून काढायची आहे, एवढाच याचा अर्थ. बाळात ते दिसले आहे असा नव्हे.

आता पुढे काय करावे.

हृदयाची खास सोनोग्राफी, जिला फीटल इको म्हणतात, लवकर करून घ्या. तिथे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारा. पहिला, हृदय, जठर, यकृत सगळेच उलट्या बाजूला आहे का? आणि दुसरा, हृदयाची आतली रचना नीट आहे का? सगळे अवयव एकमेकांशी सुसंगत राहून उलटलेले असतील, तर हृदयात दोष असण्याची शक्यता कमी असते आणि अशी माणसे पूर्ण आयुष्य जगतात. कित्येकांना आपले हृदय उजवीकडे आहे हे दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेतून कळते. अवयवांची सरमिसळ असेल, म्हणजे काही इकडचे आणि काही तिकडचे, तर मात्र हृदयाचे गंभीर दोष बरेचदा सोबत असतात आणि प्लीहा नसणे किंवा अनेक असणे हेही पाहावे लागते. तुमच्या रिपोर्टात हृदय आणि जठर एकाच बाजूला आहेत, ही चांगली खूण आहे. सोनोग्राफीत डावे-उजवे बाळाच्या स्थितीवरून ठरवावे लागते, त्यामुळे क्वचित गफलतही होते. तेव्हा दुसऱ्या अनुभवी डॉक्टरांनी पडताळणे अनाठायी नाही.

गर्भ न ठेवण्याविषयी घरात जे बोलले जाते, त्यावर इको होईपर्यंत चर्चाच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अवयव नुसते उलटलेले असणे हे गर्भपाताचे वैद्यकीय कारण नाही. पक्ष्माभिकांच्या हालचालीचा दोष जरी निघाला, तरी तो नेमाने सांभाळता येणारा आजार आहे.

तुमचे यजमान तुमचे आतेभाऊ आहेत. सख्ख्या आते-मामे भावंडांत सुमारे एक अष्टमांश जनुके समाईक असतात आणि हा आजार बहुतांशी आईवडील दोघांकडून दोषी जनुकाची प्रत आली तरच होतो. तुम्ही दोघे एकाच दोषाचे वाहक असाल, तर प्रत्येक गर्भारपणी 25 टक्के शक्यता असते, मग आधीच्या मुलाचे काहीही असो. असा दोष असलाच तर तो तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून, तुमचे वडील आणि तुमच्या आत्या या दोघांमार्फत आला असण्याची शक्यता अधिक. सासूबाईंना प्रत्युत्तर म्हणून ही माहिती कृपया वापरू नका. वाहक असणे हा कोणाचा अपराध नसतो आणि वाहकाला स्वतःला काही त्रासही होत नाही. यजमानांना सोबत घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटा. आधी मोठ्या मुलाची जनुके तपासावीत. त्याच्यात नेमका दोष सापडला तर बाळाविषयीचे उत्तर सोपे होते.

बाळंतपण नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात करा आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांना आधीच सारे सांगून ठेवा. या आजारात पूर्ण दिवसांच्या बाळालाही जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत धाप लागू शकते, कारण फुफ्फुसातला द्रव आणि स्राव बाहेर काढणाऱ्या पक्ष्माभिका नीट हलत नाहीत. बाळाच्या फाइलवर अवयवांची बाजू ठळक लिहून घ्या. पुढे कधी त्याच्या पोटात डाव्या बाजूला दुखले, तर ते अपेंडिक्स असू शकते, आणि ईसीजी काढताना छातीवरच्या पट्ट्या उजवीकडे लावाव्या लागतात.

मोठ्या मुलाला बालकांच्या श्वसनविकारांच्या तज्ज्ञांकडे न्या. सहा वर्षांचे मूल सहकार्य करू शकते, त्यामुळे नाकातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूची मोजणी शक्य आहे. या आजारात ते बहुधा फार कमी असते. ही सोय मोजक्या केंद्रांत आहे. ती न मिळाल्यास जनुकीय चाचणी किंवा नाकातल्या पेशींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हे मार्ग आहेत. कानाची, विशेषतः ऐकण्याची तपासणी याच फेरीत उरकून घ्या, कारण कानात पाणी साचून मूल कमी ऐकते आणि शाळेत त्याला दुर्लक्ष करणारा ठरवले जाते. तोवर खोकला दाबणारी औषधे देऊ नका. पक्ष्माभिका काम करत नसतील तर खोकला हाच त्याच्यापाशी कफ बाहेर काढण्याचा उपाय आहे. छातीचा व्यायाम आणि कफ सोडवण्याच्या पद्धती फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज कराव्या लागतील, लसी वेळेवर द्याव्या लागतील आणि चुलीच्या किंवा विडी-सिगारेटच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे लागेल. बाळाच्या जन्मापर्यंत थांबायचे कारण नाही. इकोची तारीख घ्याल त्याच आठवड्यात मुलाच्या तपासणीचीही घ्या.